बदलीच्या घरची नात

कोलकात्याला मी फिरायला गेले नव्हते. मला तिथं बोलायला बोलावलं होतं. माझ्या बोलण्याचा काही उपयोग होईल असं घरातल्या कुणाला वाटावं, हे बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच घडलं, म्हणून मी लगेच हो म्हणून टाकलं. एरवी माझी मुलगी सुलभा फोनवर “आई, ठेवते हं आता” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत असते. या वेळी मात्र म्हणाली, “आई, तू ये. ईशाला समजाव. आमचं ती ऐकत नाही.”

ईशा म्हणजे सुलूची एकुलती एक लेक. पंचविशीची. इंजिनिअर झाली, कोलकात्यातच एका कॉम्प्युटरच्या कंपनीत तीन वर्षं नोकरी केली आणि दिवाळीच्या आधी ती सोडून घरी बसली. ‘घरी बसली’ हे सुलूचे शब्द. त्यात जावयांची, म्हणजे श्रीकांतरावांची, नागपूरला बदली आली. ते बँकेत अधिकारी आहेत, दर तीन वर्षांनी त्यांचं गाव बदलतं. महिन्याभरात घर सोडायचं होतं. आणि तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीनं ईशाला नोकरी देऊ केली होती. पगार चांगला, काम आधीच्यासारखंच. हो की नाही ते सोमवारी सकाळपर्यंत कळवायचं होतं. म्हणजे माझ्या हातात आठवडा होता. मला वाटलं, बोलायला आख्खा आठवडा म्हणजे चैनच आहे.

बेहाला

गाडीतल्या दोन रात्रींचं काही सांगत नाही. समोरच्या बाईंचे गुडघे आणि माझे गुडघे, एवढाच विषय झाला. हावड्याला ईशा घ्यायला आली होती. बारीक झाली होती, पण माझी पिशवी हिसकावून घेण्याचा जोर तोच.

“आजी, तुझं सामान एवढंच?”

“एवढंच. बाकी तुला सांगायचं आहे ते.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली आणि हसली. म्हणजे मी कशाला आले हे पोरीला आधीच ठाऊक होतं.

पुलावरून टॅक्सी निघाली तेव्हा खालचं पाणी पाहून मला आपली भाट्याची खाडीच आठवली. मी रत्नागिरीची. पाणी दिसलं की आधी त्याचा वास घेते. हुगळीला समुद्राचा वास नाही. ओल्या मातीचा आहे आणि वर थोडा धुराचा. माघाचे दिवस होते. थंडी म्हणावी तर आपल्याकडे पहाटे विहिरीवर पडते तेवढीच, पण इथली पुरुषमाणसं कानटोप्या, मफलर गुंडाळून अशी बसलेली की वाटावं हिमालयात निघालीत. टॅक्सीवाल्यानं मला नुसत्या शालीत पाहिलं आणि काच वर केली. माझ्यासाठी. बंगाली माणूस थंडीला फार मानतो, आणि दुसऱ्याला थंडी वाजेल याची काळजीही तितकीच करतो.

बेहाला भागातल्या सुलूच्या घरात शिरले तर निम्मं घर खोक्यांत. बदलीच्या घराचं एक शास्त्र असतं, ते मी सुलूकडेच शिकले. पडदे शेवटी काढायचे, म्हणजे शेवटपर्यंत घर घर वाटतं. स्वयंपाकघर सगळ्यांत शेवटी बांधायचं आणि नव्या गावात सगळ्यांत आधी सोडायचं. एक खोकं तर रायपूरपासून कुणी उघडलेलंच नाही. त्यात काय आहे ते आता कुणालाच माहीत नाही, पण ते प्रत्येक गावात बरोबर जातं.

ईशाच्या खोलीत गेले तर तिथंही तेच. कपाट रिकामं, टेबलावरचा दिवा काढलेला.

“आई, माझं सामान का बांधलंस? मी नागपूरला येतेय असं कुणी सांगितलं?” ईशा दारातूनच म्हणाली.

“मग कुठं जातेयस ते सांग. त्या गावाचं नाव लिहिते खोक्यावर,” सुलू चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाली.

मी चहा मागितला. दुसरं काय करणार?

दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या बुलबुलदी वाटी झाकून घेऊन आल्या. साठीच्या आसपासच्या, गोल चेहऱ्याच्या, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. मला पाहताच वाकून नमस्कार केला आणि ‘माशीमा’ म्हणजे मावशी करून टाकलं. वाटीत कोई नावाचा नदीतला मासा होता, फ्लॉवर घालून केलेला. माशात फ्लॉवर. आमच्याकडे असं कुणी केलं तर त्या सुनेला माहेरी पाठवतील. पण चव घेतली आणि गप्प बसले. मोहरीच्या तेलाचा तिखट वास, आल्याचा रस्सा, आणि फ्लॉवरनं तो रस्सा सगळा पिऊन ठेवलेला.

“माशीमा, काँटा देखके,” बुलबुलदी म्हणाल्या.

“मी समुद्रावरची आहे हो,” मी म्हटलं, “जन्मभर मासेच खाल्लेत.” आणि पुढच्याच घासाला काटा घशात. समुद्रातला मासा प्रामाणिक असतो, त्याचा काटा कुठं आहे ते कळतं. या कोईच्या अंगात काटे कुठून कुठं जातात ते त्यालाच माहीत. बुलबुलदींनी कोरड्या भाताचा गोळा केला, माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. काटा उतरला. ईशा हसून हसून लोळत होती. सुलू माझ्या कानात म्हणाली, “किती दिवसांनी हसली ती.” मला वाटलं, चला, निदान येण्याचं भाडं वसूल झालं.

सगळ्यांची मतं

रथसप्तमी अजून व्हायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी एका मराठी घरी हळदीकुंकू होतं. कोलकात्यातली मराठी घरं म्हणजे बहुतेक बदलीवाली. बँका, केंद्र सरकार, विमा. काही आता आयटीतली. बायका एकमेकींना आधी ‘किती वर्षं झाली?’ विचारतात आणि मग ‘किती राहिली?’ मुलं आपसात बंगाली बोलतात आणि आईनं डोळे वटारले की मराठीत येतात. एक छोटी मला म्हणाली, “आजी, तू तिळगूळ खाणार ना? खूप भालो आहे.” भालो म्हणजे छान.

मला वाटलं होतं ईशाला समजवायला मी एकटीच आलेय. तिथं तर प्रत्येक बाई तयारीत होती.

“एमबीए कर गं. इंजिनिअरिंगवर एमबीए म्हणजे प्रश्नच मिटला.”

“अहो, एमबीए आता कुणीही करतं. बँकेची परीक्षा दे. वडील आहेतच मार्गदर्शनाला.”

“माझ्या पुतण्यानंही अशीच सोडली होती नोकरी. आता कॅनडात आहे.”

“लग्न करून टाका सुलभाताई. मग दिशा आपोआप मिळते.”

“कुणाला?” ईशानं विचारलं. अगदी नम्रपणे.

त्या बाईंनी तिच्या हातावर जास्तीचा तिळगूळ ठेवला. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, हे मला कळत होतं. पण घरी जाताना ईशा रिक्षात म्हणाली, “आजी, सगळ्यांना माझं माहीत आहे. फक्त मलाच नाही.” तेव्हा मला माझी बोलण्याची तयारी जरा जड वाटायला लागली.

एस्प्लनेड

त्या आठवड्यात रविवारी बुलबुलदींच्या नातीचं मुखेभात होतं. म्हणजे आपलं उष्टावण. तिला द्यायला काहीतरी घ्यावं म्हणून ईशा मला बसनं एस्प्लनेडला घेऊन गेली. खिदिरपूरच्या गोदीतल्या क्रेनचे शेंडे घरांच्या वरून दिसतात, मग एकदम मोकळं मैदान येतं. एवढं मोठं गवत शहराच्या मधोमध कसं काय शिल्लक राहिलं याचं मला नवल वाटलं. आमच्याकडे कुणीतरी त्यावर सोसायटी उभी केली असती.

एस्प्लनेडला फुटपाथवर सगळं मिळतं. स्वेटर, कात्र्या, टिकल्या, मोबाइलची कवचं, मोज्यांचे ढीग. मी भाव करायला लागले तर दुकानदारानं आधी मला स्टुलावर बसवलं आणि मग भांडला. बसवून भांडणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. बाळासाठी छोटा लोकरीचा कोट घेतला. मग रस्त्यावर उभं राहून अंड्याचा रोल खाल्ला. पराठ्यात गुंडाळलेलं अंडं, कांदा, लिंबू. अर्धा पदरावर सांडला.

ऑफिसं सुटायची वेळ झाली होती. ईशा गर्दीकडे बघत उभी होती.

मी तीन मुद्दे गाडीतच ठरवून ठेवले होते. म्हटलं, हीच वेळ. “हे बघ ईशा, पहिली गोष्ट, रिकामं बसलं की डोकं खराब होतं.”

“बरोबर आहे, आजी.”

“दुसरी, पुण्याला गेलीस तर माणसं आपली आहेत.”

“तेही बरोबर आहे.”

“मग?”

“मग काय, सगळं बरोबर आहे ना.”

समोरच्यानं वाद घातला तर मला बोलता येतं. सगळं मान्य केल्यावर काय बोलणार? तिसरा मुद्दा काय होता तो मला आठवेनाच. तेवढ्यात एक फेरीवाला माझ्या तोंडासमोर कंगवे नाचवत उभा राहिला, त्यातला एक घेतला.

मग तीच म्हणाली, “तिथं ऑफिसात वाईट असं काहीच नव्हतं, आजी. साहेब चांगले होते, जेवण मिळायचं. पण संध्याकाळी घरी आले की मी आज काय केलं ते मला सांगता यायचं नाही. आई विचारायची, आणि मी जेवायला काय होतं ते सांगायचे.”

“आणि आता कुठं जातेस रोज? सुलू म्हणते घरी बसलीस, पण घरी तर तू दिसत नाहीस.”

“उद्या चल,” ती म्हणाली. “दाखवते.”

बजबज

माझेरहाटहून लोकल घेतली. गाडीत मसाला-मुरमुरे, संत्री, सेफ्टी पिना, दाढदुखीचं औषध, सगळं आपल्या जागेवर चालून येतं. शेवटचं स्टेशन बजबज. नदीकाठचं गाव. एकीकडे तेलाच्या मोठमोठ्या टाक्या, दुसरीकडे तागाच्या गिरण्यांच्या लांबच लांब विटांच्या भिंती. हवेत तागाचा वास. कोरड्या गवताला थोडं तेल लावलं तर कसा येईल, तसा.

एका जुन्या गोदामात रेबादी नावाच्या बाईंचा कारखाना. कारखाना म्हणायचं, पण सहा-सात हातमाग आणि तेवढ्याच बायका. तागाच्या सतरंज्या, पिशव्या, भिंतीवर लावायचे पट्टे विणतात. रेबादी उंच, सावळ्या, चष्मा डोक्यावर आणि तोच शोधत असलेल्या. ईशाला पाहून ‘या’ नाही की ‘बस’ नाही, थेट म्हणाल्या, “नीला रोंग आज भी गोलत है. जा के देखो.”

ईशा रंगाऱ्याकडे गेली. तो म्हणे हाच निळा, ती म्हणे हा नाही. दोघं बंगालीत भांडायला लागले. मला शब्द कळत नव्हते, पण माझी नात कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून भांडत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. घरी ही पोर ‘बरोबर आहे, आजी’ म्हणते. मी बघतच राहिले.

पण नुसतं तेवढंच नाही सांगत. नंतर तीच ईशा पार्सलं बांधायला बसली आणि पंधराव्या पार्सलाला जांभया देत होती. मोबाइलवर ग्राहकांना उत्तरं देताना तर अगदी ऑफिसातलंच तोंड. तेही मी पाहिलं.

मी जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले. कोपऱ्यात शिवणाचं मशीन होतं, आणि मशीन दिसलं की माझे हात शिवशिवतात. सतरंजीची किनार शिवून देते म्हटलं आणि पहिल्याच टाक्याला सुई मोडली. रेबादींनी मोडकी सुई उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी जाडी सुई घालून दिली. तीही मोडली. मग त्यांनी मला चहा दिला आणि मशीनपासून लांब बसवलं.

“आपका नातनी रोज हमको पूछता है, मेरा क्या होगा, मेरा क्या होगा,” रेबादी म्हणाल्या. “हम क्या ज्योतिषी है?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“हम बोलता है, हमको एक आदमी चाहिए. बाहर का ऑर्डर आया है, साल भर का काम है. पैसा कम है, तुम्हारे ऑफिस जैसा नहीं होगा. रहना है तो मंगलवार से रहो. नहीं रहना है तो बोल दो, हम दूसरा देखेगा. लेकिन रोज आके आधा बैठना, ये नहीं चलेगा.”

मला बाई आवडल्या. हळदीकुंकवातली एकही इतकं स्वच्छ बोलली नव्हती. ‘तुझ्यासाठी काय चांगलं’ हा शब्दच नाही. ‘मला काय पाहिजे’ तेवढंच.

चहा घेऊन आम्ही दोघी नदीच्या घाटावर बसलो. मातीच्या भांड्यातला चहा. पलीकडच्या काठाला जाणारी बोट माणसं, सायकली आणि एक बकरी घेऊन निघाली होती.

“तुला हे काम आवडतं का?” मी विचारलं.

“तेच समजत नाही, आजी. हे आवडतं, की ते आवडत नव्हतं म्हणून हे आवडतं? इथं येऊन मी लपतेय का? पुण्याला गेले तर परत तेच होईल का? आणि इथं राहिले आणि वर्षानं वाटलं की चुकलं, मग?” तिचं मराठी असं कधी कधी हिंदीतून येतं, पण त्या दिवशी एकदाही थांबली नाही. “आम्ही कुठंही राहिलो ना, ते आम्ही ठरवलं नव्हतं. बाबांची ऑर्डर यायची. रडायचं, मैत्रिणींचे पत्ते घ्यायचे, निघायचं. नवी शाळा, नवं गाव. मला ते छान जमायचं. इंजिनिअरिंगही तसंच, मार्क आले, गेले. आता मी कधीची वाट बघतेय आणि माझी ऑर्डरच येत नाहीये.”

आता इथं खरं म्हणजे मी बोलायला हवं होतं. त्यासाठीच माझं तिकीट काढलं होतं. पण मी तिचे हात हातात घेतले. गार होते.

“मोजे घालत जा,” मी म्हटलं.

“हातात?”

“हातात हातमोजे. पायात मोजे. काहीतरी घालत जा.”

ती हसली आणि डोकं माझ्या खांद्यावर ठेवून बसली. बोट पलीकडे जाऊन परत येईपर्यंत आम्ही तशाच होतो.

मुखेभात

रविवारी सकाळपासून समोरच्या घरात शंख वाजत होते, आणि बायका जीभ हलवून तो उंच आवाज काढतात ना, उलू, तो चालला होता. बाळाचं नाव मिष्टू. खरं नाव वेगळं, लांबलचक; पण इथं प्रत्येकाला घरातलं एक नाव असतं आणि ते मरेपर्यंत चिकटतं. बुलबुलदींचा मुलगा, म्हणजे मिष्टूचा बाप, चांगला पस्तिशीचा, मिशीवाला, त्याचं नाव बाबाई.

मिष्टूला इवलीशी लाल बनारसी साडी नेसवली होती, कपाळभर चंदनाचे ठिपके, डोक्यावर भेंडाचा पांढरा मुकुट. तो मुकुट तिला अजिबात पसंत नव्हता. मामाच्या मांडीवर बसवून मामानं पायस भरवलं. खजुराच्या नव्या गुळाची खीर. आमच्याकडेही मामाच भरवतो, फक्त आमची खीर पांढरी. मी त्या पायसाच्या दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी सुलूनं खुणेनं नको म्हटलं.

मग आलं ते ताट. माती, पुस्तक, पेन, सोन्याची अंगठी, धान. बाळ ज्याला हात लावेल त्यावरून ते पुढं काय करणार ते कळतं. आपल्याकडेही काही घरांत मांडतात, पण इथं तर पन्नास माणसं श्वास रोखून उभी. आणि सगळी लबाड. आजोबांनी हळूच पुस्तक पुढं सरकवलं. बाबाईनं पेन आणखी पुढं. आमचे श्रीकांतराव इतका वेळ कोपऱ्यात गप्प उभे होते. ते पुढं आले, ताटातलं पेन उचललं, तळहातावर ओढून पाहिलं, ते लिहीत नव्हतं. खिशातलं स्वतःचं काढून तिथं ठेवलं आणि परत कोपऱ्यात गेले. बँकेचा माणूस. बंद पेन टेबलावर राहिलेलं त्यांना सहन होत नाही.

मिष्टूनं सगळीकडे पाहिलं. मुकुट ओढून फेकला. आणि मूठभर माती उचलून तोंडात घातली.

मग जी धावपळ झाली. मामा तिच्या तोंडात बोट घालतोय, आजोबा ‘जोमी, जोमी’ म्हणजे जमीनजुमला होणार म्हणून खूश, आई रडकुंडीला, बाळ मात्र मजेत चावतंय.

“मेरा बाबाई किताब उठाया था,” बुलबुलदी माझ्याजवळ बसत म्हणाल्या. “सब बोला, प्रोफेसर होगा. अभी बाथरूम का टाइल्स बेचता है.”

“किताब तो अभी भी है, मा,” बाबाई म्हणाला. “टाइल्स का कॅटलॉग.”

“और देखो, कितना अच्छा बेचता है. बाद में कौन पूछने आता है, माशीमा? सब खाना खाके चला जाता है.” मग त्यांनी ईशाला हाक मारली. “तुम क्या उठाया था, ईशा?”

ईशानं सुलूकडे पाहिलं. “हो गं आई, मी काय उचललं होतं?”

सुलूनं मिष्टूच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुझ्यापुढं काही मांडलंच नव्हतं. सगळं सामान बांधलेलं होतं. एका खोक्यावर पाट ठेवून तुला खीर भरवली.”

“बदली आली होती,” श्रीकांतराव कोपऱ्यातून म्हणाले.

मला वाटलं पोर आता रडणार. तर ती हसायला लागली. आधी हळू, मग तोंडावर हात धरून. श्रीकांतरावही हसले. त्यांना हसताना मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

रविवारची संध्याकाळ आणि त्यानंतरची सकाळ

जेवण इतकं झालं होतं की संध्याकाळी कुणी काही खाणार नव्हतं. आम्ही चौघं खोक्यांच्या मधल्या जागेत चहा घेऊन बसलो होतो. पुण्याला उत्तर द्यायला एक रात्र उरली होती आणि त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

“बाबा,” ईशा म्हणाली, “बदली आली की तुम्ही कधी विचार केलात का, हे गाव मला आवडेल का, जन्मभर चालेल का?”

“विचार करून काय करणार? जायचं. तीन वर्षं नीट काम करायचं.”

“आणि नाही आवडलं तर?”

“तीन वर्षं संपतात. आवडलं तरी संपतात.” त्यांनी कप खाली ठेवला. “कटक मला फार आवडलं होतं.”

हे सुलूलाही नवीन होतं. तिनं वळून पाहिलं त्यांच्याकडे.

“मग माझी बदली झाली असं समजा,” ईशा म्हणाली. “बजबजला. एक वर्षासाठी. ऑर्डर कुणाची नाही, माझीच आहे. वर्षानं पुन्हा ठरवीन. तेव्हाही कळलं नसेल तर तेव्हा पुन्हा ठरवीन. पुण्याला आत्ताच ‘नाही’ म्हणून कळवते, म्हणजे सकाळपर्यंत डोक्यात राहायला नको.”

“ही काय थट्टा आहे?” सुलू म्हणाली. “वर्ष म्हणजे काय, चणेफुटाणे आहेत? पुढं कुणी विचारलं मध्ये काय केलंस, तर काय सांगशील?”

“निळा रंग नीट करून घेतला, असं सांगीन.”

“आणि राहशील कुठं?”

“रेबादींच्या बहिणीकडे वरची खोली रिकामी आहे.”

सुलूनं माझ्याकडे पाहिलं. आई, आता तरी बोल, असं. खरं सांगते, मला पुणंच बरं वाटत होतं. रत्नागिरीहून जवळ, मनात आलं की भेटता येतं. पण मी त्या रंगाऱ्याशी भांडताना तिला पाहिलं होतं, आणि पार्सलं बांधताना जांभया देतानाही. दोन्ही पाहिलेल्या माणसाला काय ठाम सांगता येतं? “मला माहीत नाही, सुलू,” मी म्हटलं. घरात सगळ्यांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

श्रीकांतरावांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, “रुजू कधी व्हायचंय?”

“परवा. मंगळवारी.”

“चालणार नाही.” अगदी साहेबी आवाजात. “बदली झाली की जॉइनिंग टाइम मिळतो. घर लावायला, गाव बघायला. बँकसुद्धा देते. तू आठवडा मागून घे. पहिल्याच दिवशी दमून गेलेला माणूस कुठल्याच ब्रँचला उपयोगी नसतो.”

ईशानं तिथंच रेबादींना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. मग ईशानं फोन ठेवला आणि म्हणाली, “चार दिवस दिलेत.”

“चार दिवस पुष्कळ झाले,” श्रीकांतराव म्हणाले.

सुलू उठून आत गेली. तिनं ताटल्या आपटल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त काळजी वाटली. रात्रभर ती ईशाशी बोलली नाही. सकाळी मात्र साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी. “चला. खोली बघून येऊ. घर बघितल्याशिवाय मी आजवर कुठल्या बदलीचं सामान उतरवलेलं नाही.”

आम्ही चौघं लोकलनं बजबजला गेलो. श्रीकांतरावांनी त्यासाठी रजा टाकली होती. खोली नदीच्या बाजूला, जिन्यावरून वर. भिंतींना हिरवट चुना, एक खाट, एक खिडकी. श्रीकांतराव लगेच पडद्यासाठी वितीनं खिडकी मोजायला लागले. ईशा मधोमध उभी, कुठं बघावं ते न कळल्यासारखी. इतकी गावं बदललेली पोर, पण रिकाम्या खोलीत ती अशी उभी कधी दिसली नव्हती. त्या प्रत्येक खोलीत आधी सुलू शिरलेली असायची.

या वेळी सुलू दारातच थांबली होती. ईशानं वळून तिच्याकडे पाहिलं. “आई, गॅस कुठं ठेवू गं?”

तेव्हा ती आत आली. खिडकी उघडून वारा कुठून येतो ते पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला, ओल नाही ना बघितलं. मग मोरीत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नुसता खोकल्यासारखा आवाज आला. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. पाणी आलं. सुलूनं ओंजळीत घेतलं, जिभेला लावून बघितलं आणि पदराला हात पुसले.

“खारट नाही,” ती म्हणाली. “चालेल.”